गुडघे घेतलेत, आता देणे चुकते करा!

११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे धावता धावता पडला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, कूर्चेला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. याच पायांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला केनियाच्या धावपटूंची मक्तेदारी मोडून राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यपदक आणले होते. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. याच पायांनी पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. पदक आले की आपल्याकडे चौकाचौकांत फलक उभे राहतात, आणि त्यांवर खेळाडूच्या चेहऱ्यापेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे छापले जातात. हे फलक लावणाऱ्यांना आमचा सरळ सवाल आहे: त्या फाटलेल्या गुडघ्याची विचारपूस तुमच्यापैकी किती जणांनी केली?

अविनाश सावरेल असा आमचा विश्वास आहे, कारण त्याच्या पाठीशी लष्कर आहे. महार रेजिमेंटचा जवान म्हणून त्याला पगार आहे, लष्करी रुग्णालय आहे, उद्याच्या निवृत्तिवेतनाची हमी आहे. पण ही हमी त्याला खेळाडू म्हणून मिळालेली नाही. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा मैलोन्‌मैल पायपीट करत शाळा गाठत होता. बारावीनंतर घर चालावे म्हणून तो फौजेत भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला, आणि लष्करातल्या शर्यतींतून त्याच्यातला धावपटू जगापुढे आला. बीड जिल्ह्याच्या किंवा महाराष्ट्राच्या क्रीडाव्यवस्थेने त्याला घडवले असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणावे! पाटोद्याचा मल्ल राहुल आवारे घडला तो पुण्यात, हरिश्चंद्र बिराजदारांच्या आणि पुढे काका पवारांच्या तालमीत. २०१६ च्या ऑलिंपिक पात्रतेच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला हे त्याने उघडपणे सांगितले होते. तो घाव पचवून त्याने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतानला जागतिक कांस्य जिंकले. मग पोलीस उपअधीक्षकाची वर्दी अंगावर आली. तिचा आनंद आम्हालाही आहे. पण पदक आधी आणि भाकर नंतर, हा क्रम ज्याने लावून दिला तो खेळाडूचा शत्रू आहे.

पदक एकाला मिळते. त्याच्या बरोबरीने पळालेले, त्याच मातीत लोळलेले, तालुक्याच्या आणि विभागाच्या शालेय स्पर्धांत नाव काढलेले शेकडो असतात. त्यांचे पुढे काय होते, हे या जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतल्या कोणत्याही गावाच्या पारावर जाऊन विचारा. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराचा गुडघा वळतो आणि कट्‌कन आवाज येतो. गावात हाडवैद्य असतो. तो लेप लावतो, पट्टी बांधतो. महिन्याभराने पोरगा पुन्हा मैदानात उतरतो आणि पुन्हा पडतो. एमआरआयला हजारो रुपये, शस्त्रक्रियेला त्याच्या कितीतरी पट. बाप दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो, तेव्हा घरात असतात ते उचलीचे पैसे. त्यातून पोराचा गुडघा नीट करायचा की म्हाताऱ्या आईसाठी मागे धान्य भरून ठेवायचे? पोराचा खेळ तिथेच संपतो. वय असते अठरा. खेळापायी शिक्षण अर्धे सुटलेले, गुडघ्यापायी खेळ सुटलेला. पुढच्या हंगामात तोच पोरगा तोच दुखरा गुडघा घेऊन, डोक्यावर उसाची मोळी तोलत ट्रॉलीच्या फळीवरून चढतो. या पोराची नोंद कोणत्या क्रीडाधिकाऱ्याच्या दफ्तरात आहे? त्याने जिंकलेल्या ढाली शाळेच्या कपाटात आहेत. तो स्वतः कुठेच नाही.

आणि आता गावोगावच्या पालकांना नवे स्वप्न विकले जात आहे. लीग आल्या, लिलाव आले, दूरदर्शन संचावर कोट्यवधींचे आकडे झळकू लागले. पोराला अकादमीत घाला, शाळा काय कधीही होते, असे सांगणारे जागोजाग उगवले आहेत. या भुलाव्याला बळी पडण्यापूर्वी जगातल्या सर्वांत श्रीमंत खेळाने आपल्या माणसांचे काय केले ते पाहा. फुटबॉलमध्ये पैशाचा पूर आहे. त्या पुरात ब्राझीलचा गारिंचा बुडाला. १९५८ आणि १९६२ असे दोन विश्वचषक जिंकून देणारा हा माणूस दारू आणि दारिद्र्य यांनी पोखरला जाऊन १९८३ मध्ये एकोणपन्नासाव्या वर्षी मेला. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनने क्लबांच्या मालकीविरुद्ध न्यायालयीन लढा दिला, आणि १९९५ च्या निकालाने युरोपातल्या खेळाडूंना करार संपताच मोकळे होण्याचा हक्क मिळाला. त्या हक्काच्या जोरावर पुढच्या पिढीने अब्जावधी कमावले. बोसमन स्वतः कंगाल झाला, दारूत अडकला. इंग्लंडचा जेफ अ‍ॅस्टल २००२ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी स्मृती हरवून गेला. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवले: व्यवसायजन्य आजार. वर्षानुवर्षे जड कातडी चेंडू डोक्याने मारून मारून त्याचा मेंदू दुखावला गेला होता. २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य माणसांच्या साडेतीनपट निघाले. जिथे पैसा आहे, डॉक्टर आहेत, १९०७ पासून खेळाडूंची संघटना आहे, तिथली ही कथा!

आपल्याकडे तर फुटबॉलचे संघच जागेवर राहत नाहीत. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. पुण्यात पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटी गेला. मुंबईत मुंबई एफसी गेला. गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या नामवंत क्लबांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या लीगमधून अंग काढून घेतले. प्रत्येक वेळी दोन ओळींची बातमी छापून आली. त्या दोन ओळींखाली किती घरांचे हप्ते थकले, किती पोरे पंचविशीत बेकार झाली, याचा हिशेब कोणी मागितला नाही. २०२५ मध्ये तर कहर झाला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचे घोंगडे भिजत पडले, हंगाम लांबणीवर गेला, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. भारतासाठी सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री ज्या संघाकडून खेळत होता, त्या संघाची ही अवस्था. मग तळातल्या पोराला कोण विचारतो? धनबादजवळची संगीता सोरेन भारताच्या युवा संघाची जर्सी घालून भूतान आणि थायलंडला खेळून आली, आणि २०२१ च्या टाळेबंदीत वीटभट्टीवर विटा वाहताना देशाला दिसली. अविनाशचे आईबाप वीटभट्टीवर होते, म्हणून तो धावला. संगीता धावली, आणि तिला पुन्हा वीटभट्टीवर जावे लागले.

मैदानात प्राण गेले तरी हेच. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी आदळला आणि गेला. त्यानंतर देशातल्या प्रत्येक मैदानावर तातडीची वैद्यकीय व्यवस्था उभी राहायला हवी होती. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच बेंगळुरूत डी. वेंकटेश नावाचा खेळाडू मैदानात कोसळला, तेव्हा रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षात घालून नेले. तोही गेला. बीडच्या वाचकांनो, तुमच्या तालुक्यातली शालेय स्पर्धा आठवा, जत्रेतले कुस्त्यांचे जंगी मैदान आठवा. तिथे रुग्णवाहिका उभी असते का? डॉक्टर सोडा, बर्फाची पिशवी तरी असते का? पाहुण्यांसाठी फेटे मात्र मोजून आणलेले असतात.

ही व्यवस्था बीडच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, तो तिच्यातच जगतो. मुकादम कोयत्याला उचल देतो आणि त्या दिवसापासून नवराबायकोचे दोन देह हंगामभर त्याचे होतात. कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्या कायम कामगाराला भविष्य निर्वाह निधी आहे, रजा आहे, निवृत्ती आहे. फाटकाबाहेर ऊस तोडणारा कागदोपत्री कोणाचाच नाही. खेळाडू त्याच फाटकाबाहेर उभा आहे. बक्षिसाची रक्कम ही त्याची उचल. संघमालक म्हणतो तो माझा नोकर नाही, महासंघ म्हणतो तो संघाचा, सरकार म्हणते तो महासंघाचा. आणि देह वापरून टाकून देण्याची ही रीत शेवटी कुठवर जाते तेही बीडनेच पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा अजून कानात घुमतो आहे: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. ज्या समाजाने हे पचवले, त्याला एका पोराच्या गुडघ्याचे काय वाटणार?

सरकारी योजना आहेत, असे लगेच सांगितले जाईल. आहेत. केंद्राची निवृत्तिवेतन योजना आहे. ऑलिंपिक पदकविजेत्याला महिना वीस हजार, जागतिक, आशियाई आणि राष्ट्रकुल पदकांना बारा ते सोळा हजार. तेही तिशीनंतर, खेळ सोडल्यावर. पण ज्याला पदक नाही, त्याच्यासाठी त्या योजनेचे दार बंद. चौथा आलेल्याचा गुडघा दुखत नाही काय? राज्याच्या संघातून दहा वर्षे खेळलेल्या खो-खोपटूची पाठ झिजत नाही काय? हलाखीतल्या खेळाडूंसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाचा राष्ट्रीय कल्याण निधीही आहे. पण तिथे आधी हलाखी सिद्ध करावी लागते. ज्याने राज्याचा झेंडा खांद्यावर मिरवला, त्याने दारिद्र्याचा दाखला हातात धरून रांगेत उभे राहायचे! याला कल्याण म्हणत नाहीत, हा अपमान आहे. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, तंट्यांसाठी न्यायाधिकरण योजले, महासंघांना शिस्त लावण्याचे ठरवले. चांगले झाले. पण भांडण मिटवण्याची सोय झाली तेवढ्याने जखम भरत नाही.

आणि जो पैसा होता, त्याचे काय झाले? मराठवाड्याच्या खेळाडूंसाठी असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये गायब झाल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आले. मुख्य आरोप आहे तो महिना तेरा हजार पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर. महिनोन्‌महिने कोट्यवधी रुपये बाहेर जात होते आणि वरच्या एकाही अधिकाऱ्याच्या डोळ्याला ते दिसले नाही! बीडच्या पोराला साधा फिजिओथेरपिस्ट मिळत नाही, बीडची मुले अर्ध्या खेळपट्टीवर सराव करतात, आणि त्याच खेळपट्टीवर घडलेला सचिन धस २०२४ च्या युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून देशाला अंतिम सामन्यात नेतो. या पोरांच्या वाट्याचा पैसा खाणाऱ्यांना आम्ही चोर म्हणणार नाही; चोर निदान परक्याच्या घरात शिरतो.

नोकऱ्यांतले पाच टक्के समांतर आरक्षण हा खेळाडूचा एकमेव खरा आधार. त्यालाही वाळवी लागली. ज्यांनी आयुष्यात मैदान पाहिले नाही, त्यांनी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे मिळवून सरकारी खुर्च्या पटकावल्याची प्रकरणे मराठवाड्यातून बाहेर आली, आणि या जिल्ह्याचे नावही त्यातून सुटले नाही. प्रत्येक बोगस प्रमाणपत्रामागे एक खरा खेळाडू उपाशी राहिला आहे. त्या खुर्चीवर ज्याचा हक्क होता, तो आज कुठे रखवालदार आहे, कुठे ऊसतोड टोळीत आहे. आमचे म्हणणे आहे की बनावट प्रमाणपत्रावर नोकरी घेणाऱ्याला नुसते घरी पाठवून भागणार नाही. त्याने उचललेला पगार व्याजासह वसूल करा, आणि ज्या खऱ्या उमेदवाराची जागा त्याने खाल्ली त्याला शोधून, वयाची अट बाजूला सारून, ती जागा द्या.

आता एक गोष्ट आम्ही सरकारला नाही, आमच्याच माणसांना सुनावणार आहोत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले. कर्णधार होती प्रियंका इंगळे, मूळची आपल्या केज तालुक्यातली. गावोगाव पेढे वाटले असतील. पण त्याच बीड जिल्ह्यात, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीप्रमाणे, वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक मुलींची लग्ने अठरा पूर्ण होण्याआधी झालेली होती. प्रियंकाच्या पायात जितका वेग आहे तितकाच वेग असलेल्या किती मुली या जिल्ह्यात नववीत असताना हळद लावून बसवल्या गेल्या? पुरुष खेळाडूचा खेळ दुखापतीने संपतो, वयाने संपतो. आमच्या मुलीचा खेळ बापाच्या एका शब्दाने संपतो. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर मागे ठेवायची कोणाच्या भरवशावर, ही त्या बापाची भीती आम्ही जाणतो. ती खोटी नाही. पण त्या भीतीवर उतारा वसतिगृह हा आहे, बोहले नव्हे. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना आहे. त्या प्रत्येक वसतिगृहाला मैदान जोडा, खो-खो आणि कबड्डीची प्रशिक्षिका नेमा, आणि मग पाहा किती प्रियंका निघतात. आणि जी मुलगी शाळेच्या संघातून खेळते आहे तिचे लग्न अठराच्या आत लावायला निघालेल्या बापाला अडवण्याचे धैर्य गावाच्या सरपंचात, ग्रामसेवकात आणि तिच्या क्रीडाशिक्षकात नसेल, तर त्यांनी तिच्या सत्काराच्या मंडपात पाऊलही ठेवू नये.

त्याच २०२५ च्या जानेवारीत, बीड–परळी मार्गावर घोडका राजुरीजवळ, पोलीस भरतीसाठी पहाटे सराव करणाऱ्या तीन तरुणांना एसटी बसने चिरडले. ते रस्त्यावर का धावत होते? पळायला दुसरी जागा नव्हती म्हणून. आजही पहाटे जिल्ह्यातल्या कोणत्याही महामार्गावर या, सोळाशे मीटरचा सराव करणारी पोरे काळोखात धावताना दिसतील. २०२५ मध्ये या जिल्ह्याचे नाव मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येमुळे आणि खंडणीच्या टोळ्यांमुळे देशभर घेतले गेले. पोरांच्या हाती पिस्तुले कशी आली, असे विचारत सगळे हळहळतात. मैदाने कुठे गेली, हा प्रश्न मात्र त्या हळहळीत कोणी विचारला नाही.

आणखी एक दुखणे आहे. ते दिसत नाही म्हणून त्याच्यावर कोणी बोलत नाही. ज्याला वयाच्या दहाव्या वर्षापासून फक्त एकच ओळख मिळाली, ‘आमचा पैलवान’, ‘आमचा धावपटू’, त्याची ती ओळख एका दिवसात गेली तर मागे काय उरते? फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात खेळत असलेल्यांपैकी ३८ टक्के आणि निवृत्तांपैकी ३५ टक्के जणांनी चिंता वा नैराश्याची लक्षणे सांगितली. ज्यांना तीन किंवा अधिक मोठ्या दुखापती झाल्या होत्या, त्यांच्यात मानसिक त्रासाची शक्यता दुप्पट ते चौपट होती. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के वर्षानुवर्षे नैराश्य लपवत राहिला आणि २००९ मध्ये बत्तिसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. त्याच्या पत्नीने दुसऱ्याच दिवशी सगळ्या देशासमोर बसून त्याच्या आजाराविषयी बोलण्याचे धैर्य दाखवले, म्हणून तिथे या दुखण्यावर मोकळेपणाने बोलणे सुरू झाले. आमच्या तालमींत अजून एकच धडा आहे: पैलवान रडत नाही. खुराक सुटतो, मेहनत सुटते, अंग सुटते, रक्तदाब आणि साखर मागे लागते, जत्रेतले बोलावणे बंद होते, आणि संध्याकाळी पाय गुत्त्याकडे वळतात. मग हेच गाव म्हणते, पैलवान वाया गेला. तो गेला नाही, त्याला घालवला. वस्तादांना आमची हात जोडून विनंती आहे. डाव शिकवता, तसे पोराला बोलायलाही शिकवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तालमीच्या भिंतीवर बजरंगबलीच्या तसबिरीशेजारी रंगवा. त्याने मल्लविद्येची इभ्रत कमी होत नाही.

सत्काराच्या हारांनी हे देणे फिटत नाही, हे महाराष्ट्राला फार पूर्वी कळायला हवे होते. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजारांना गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक संपल्यावर तीन वर्षांनी ते पोलिसात फौजदार म्हणून लागले. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार देण्याची सरकारला आठवण झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आणि सत्तर वर्षांत फरक काय पडला? राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता, बढतीची वाट पाहत वर्षे चालली होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याच्या गळ्यात कांस्यपदक पडले आणि लगोलग रेल्वेने बढती दिली. पदक नसते पडले तर?

म्हणून बीड जिल्ह्यापुरत्या, आज करता येण्याजोग्या मागण्या आम्ही मांडतो. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची नोंद जिल्हा क्रीडा कार्यालयाने ठेवावी आणि त्या दिवसापासून दुखापतीचा विमा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून उतरवावा. रुग्णवाहिका नाही तर स्पर्धा नाही, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा. जत्रेच्या कुस्त्यांनाही तो लागू असावा. खासगी अकादम्यांना परवाना देताना शाळेची हजेरी तपासावी. जी अकादमी पोराला दहावीच्या परीक्षेला बसवत नाही तिला टाळे ठोकावे. राज्य पातळीवर खेळलेल्या आणि वय उलटलेल्या खेळाडूंना जिल्हा परिषदेच्या शाळांत मानधनावर क्रीडा मार्गदर्शक म्हणून घ्यावे. मैदानही जागे राहील आणि चूलही पेटेल. आणि पैसा कुठून आणायचा, हे विचारू नका. याच राज्याने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरवले. टनामागे घेता येतात, तर लिलावामागे का नाहीत? कबड्डीच्या, कुस्तीच्या, फुटबॉलच्या, क्रिकेटच्या ज्या ज्या लीग महाराष्ट्राच्या भूमीवर खेळल्या जातात, त्यांच्या लिलावातून, तिकिटांतून आणि जाहिरातींतून खेळाडू कल्याणाचा वाटा कायद्याने कापा. तो वाटा पदकाकडे न पाहता, खेळलेल्या वर्षांकडे पाहून वाटा.

पहिले पाऊल तर याच महिन्यात टाकता येईल. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस खेळाडूंच्या दुखापतींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण कक्ष चालवायला नवी इमारत लागत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाबरोबर एक फिजिओथेरपिस्ट बसवा, मनोविकारतज्ज्ञ बसवा, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याने तालुक्यातालुक्यातून जखमी मुलांच्या याद्या पाठवाव्यात, आणि गेवराई-आष्टीहून येणाऱ्या पोराला एसटीचे भाडे द्या. अधिष्ठाता, जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री या तिघांनी एका बैठकीत बसून हा कक्ष कोणत्या तारखेला सुरू होणार ते जाहीर करावे. जोपर्यंत ती तारीख येत नाही, तोपर्यंत या जिल्ह्यातल्या एकाही खेळाडूने कोणत्याही पुढाऱ्याच्या हातून शाल-श्रीफळ घेऊ नये, असे आमचे त्यांना जाहीर आवाहन आहे.